नवें यंत्र आणि जुना न्याय

गेल्या महिन्याच्या लेखांत आम्हीं पावसाळ्यांत पुस्तकांस लागणाऱ्या कसरीविषयीं लिहिलें होतें. ह्या खेपेचा विषय अगदीं निराळा आहे, आणि साठी उलटलेल्या एका संस्कृताच्या मास्तरानें तो हातीं घ्यावा ह्याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. विषय आहे घरीं जुळविलेल्या संगणकाचा, व तो बिघडला असतां दोष कसा हुडकावा ह्याचा. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, आणि विजेच्या शास्त्राशीं आमचा संबंध दिव्याचें बटण दाबण्यापुरता. परंतु गेल्या आषाढांत आमच्या मांजर्लीच्या घरांत जो प्रसंग घडला, त्यावरून आम्हांस असें दिसून आलें कीं, दोष शोधण्याची विद्या ह्या यंत्राहून फार जुनी आहे, आणि घरांतील कोणासही ती साध्य होण्यासारखी आहे. म्हणून हा लेख.

आमचा थोरला नातू तंत्रनिकेतनांत दुसऱ्या वर्षास आहे. त्यास आराखडे काढण्यासाठीं बळकट संगणक हवा होता. आमच्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, तयार यंत्र आणावें, म्हणजे पुढची जबाबदारी दुकानदाराची. मुलाचें म्हणणें, सुटे भाग आणून घरीं जुळविले तर त्याच पैशांत अधिक चांगलें यंत्र होतें, आणि शिकावयास मिळतें तें निराळेंच. दोघांचेंही खरें होतें. अखेर सौभाग्यवतींनीं पोस्टांतील आपल्या ठेवीचे मुदत भरलेले ६२,००० रुपये नातवाच्या हातावर ठेविले. "हे घे. मात्र वस्तु टिकली पाहिजे हो," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि वाद तेथेंच मिटला.

बदलापुराहून दादर, दादरास गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तेथून पायीं लॅमिंग्टन रोड, असा प्रवास करून नातवानें एके दिवशीं सारे भाग आणिले. डॉ. भडकमकर मार्ग हें त्या रस्त्याचें आजचें नांव. परंतु १९०३ ते १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन ह्यांचें नांव लोकांच्या तोंडून अजून सुटलेलें नाहीं.

ज्या वाचकांनीं ही पेटी उघडून कधीं पाहिली नसेल त्यांच्यासाठीं चार शब्द सांगतों. प्रोसेसर हा हिशेब करणारा कारकून होय. रॅम म्हणजे त्याच्यापुढची पाटी. काम चालूं असेतों तीवर लिहावयाचें, आणि वीज गेली कीं ती पुसली जावयाची. एस्‌एस्‌डी ही कपाटांतली वही. तीवरील लिखाण वीज गेल्यावरही राहतें. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर ही सारी मंडळी बसते तें जोतें. आणि एस्‌एम्‌पीएस्‌ हा कोठावळा. भिंतींतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा सोसेल त्या मापानें तो प्रत्येकास वाटून देतो. ह्यांपैकीं कोणीही एकजण चुकला तरी बाहेरून दिसणारें लक्षण पुष्कळदां एकच असतें, तें म्हणजे यंत्र बंद पडतें. पोटदुखी एक आणि कारणें दहा, अशांतलाच हा प्रकार.

रविवारीं सकाळीं जेवणाच्या टेबलावर जुळवणी सुरू झाली. नातू भाग बसवी आणि आम्ही चष्मा लावून सोबतच्या पुस्तिका मोठ्यानें वाचून दाखवूं. दुपारीं चारास बटण दाबलें. पंखे फिरले, दिवे लागले. पण पडदा काळा तो काळाच. मुलाचा चेहरा उतरला. आम्हीं पुस्तिकेचीं मागचीं पानें चाळलीं, तों तेथें लिहिलें होतें कीं, मदरबोर्डाच्या कडेस चार बारीक दिवे असतात. यंत्र सुरू होतांना तें प्रोसेसर, रॅम, चित्राचा भाग व साठवणीचा भाग ह्यांची क्रमानें चौकशी करितें, आणि जेथें अडेल तेथील दिवा लागून राहतो. पाहिलें तों दुसरा दिवा लागलेला. रॅमच्या पट्ट्या एका बाजूनें केंसभर वर राहिल्या होत्या. प्लग काढून त्या पुन्हां दाबल्या, 'टक्' असा आवाज झाला, आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं. सौभाग्यवतींनीं देवापुढें साखर ठेविली.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. नव्या यंत्राचा पडदा काळा राहिला म्हणजे भाग जळालाच असें समजूं नये. पट्टी नीट न बसणें, प्रोसेसराच्या विजेची निराळी तार जोडावयाची राहणें, किंवा चित्राचें कार्ड असतां पडद्याची तार मदरबोर्डाच्या भोंकांत खुपसणें, हीं कारणें पहिल्यानें पाहावीं. डीडीआर ५ जातीची रॅम असेल तर पहिल्या वेळीं ती आपला वेग जुळवून घेण्यांत कित्येक मिनिटें घेते, आणि तोंवर पडदा काळाच असतो. त्या अवधींत घाबरून बटण दाबणाऱ्यांचें काम अधिकच लांबतें.

आमचें खरें दुःख ह्यानंतर सुरू झालें. दुसऱ्या दिवसापासून यंत्र काम करितां करितां एकाएकीं मालवूं लागलें. कधीं निळा पडदा येऊन त्यावर एखादा इंग्रजी संदेश दिसे. कधीं कांहीं न सांगतां दिवा फुंकल्याप्रमाणें तें विझे. दहा दिवसांनीं मुलास आराखडा सादर करावयाचा होता. तिसऱ्या दिवशीं दोन तासांचें काम बुडालें, आणि संध्याकाळीं चिरंजीव कामावरून येतांच म्हणाले, "मी आधींच सांगितलें होतें." मुलगा उत्तर न देतां गॅलरींत जाऊन उभा राहिला. ६२,००० रुपयांची गोष्ट लहान नव्हे, आणि ते रुपये आजीचे होते हें तर त्याच्या मनांत सारखें सलत होतें.

यंत्र आपल्या बऱ्यावाईट घडामोडींची एक नोंदवही ठेवितें. मुलानें ती उघडली, तों जेथें जेथें यंत्र विझलें होतें तेथें तेथें 'कर्नल पॉवर ४१' अशी नोंद दिसली. 'पॉवर' हा शब्द पाहतांच त्यानें निश्चय केला कीं, दोष वीज देणाऱ्या एस्‌एम्‌पीएस्‌चा, आणि दुकानदारानें वाईट माल गळ्यांत मारिला. त्यानें तेव्हांच दुकानदारास फोन लाविला व बोलूं नये तें बोलला. आम्ही शेजारच्या खोलींत होतों. शब्द कानीं पडले, पण त्या वेळीं आम्हांसही तें खरेंच वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या नोंदीचा अर्थ आम्हीं मुलाकडून शब्दशः वाचवून घेतला. ती नोंद एवढेंच सांगत होती कीं, मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद न होतां थांबलें. कां थांबलें, हें ती सांगतच नव्हती. घरांतील माणूस रात्रीं एकाएकीं चुलीपाशीं कोसळला, तर 'चुलीपाशीं पडला' हें वृत्त झालें, निदान नव्हे. आमच्या तर्कशास्त्रांत ह्यास हेत्वाभास म्हणतात. जो हेतु नव्हे तो हेतूसारखा दिसतो. आम्हीं नातवास म्हटलें, "अरे, साक्षीदारानें मढें पाहिलें; खून करणारा नाहीं पाहिला."

त्याच दिवशीं आणखी एक हेत्वाभास घरांत शिरला. स्वयंपाकघरांत मिक्सर सुरू झाला आणि इकडे यंत्र विझलें. झालें! दोन दिवस सौभाग्यवतींनीं चटणी पाट्यावर वाटली. यंत्र मात्र मिक्सरावांचूनही पूर्ववत् विझतच राहिलें. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गांठ पडली, एवढाच काय तो मिक्सराचा अपराध.

तेव्हां आम्हीं मास्तरकीचा जुना उपाय काढला. एक कोरी वही घेतली, रेघा आंखल्या, आणि नातवास सांगितलें, "आतां यंत्रास हात लावावयाचा नाहीं. बिघडेल तेव्हां फक्त लिहून ठेव. वेळ काय, काम कोणतें चाललें होतें, सुरू होऊन किती मिनिटें झालीं, पडद्यावर संदेश आला कीं नाहीं, आला तर कोणता." मुलाच्या चेहऱ्यावरून त्यास हें पटलेलें दिसलें नाहीं, पण त्यानें लिहिलें. दोन दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्या पुढें मांडून बसलों, तेव्हां जें एक दुखणें वाटत होतें तीं दोन आहेत असें स्पष्ट दिसलें. संदेशावांचून विझणें जेव्हां जेव्हां घडलें, तेव्हां तेव्हां जड आराखड्याचें काम चालूं होतें, आणि तें सुरू होऊन बारा ते पंधरा मिनिटें झालेलीं होतीं. हलक्या कामांत तसें एकदांही घडलें नव्हतें. निळा पडदा मात्र केव्हांही येई, यंत्र स्वस्थ बसलें असतांही येई, आणि त्यावरील संदेश दर वेळीं निराळा असे.

दोन रोग एकाच शरीरांत असले म्हणजे वैद्य फसतो, तो येथेंच. एकावर औषध द्यावें तों दुसऱ्याचें लक्षण उरतें, आणि औषध फुकट गेलें असें वाटून तो तें सोडून देतो. म्हणून आम्हीं ठरविलें कीं, दोघांचा विचार निरनिराळा करावयाचा, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. ह्यावरून एक जुनी हकीकत आठवते. अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतीं लिंचबर्ग कॉलेजांत थॉमस नाइसली नांवाचे गणिताचे अध्यापक होते. १९९४ सालच्या जूनमध्यें त्यांस आपल्या गणितांत बारीक चूक आढळली. नवा पेंटियम प्रोसेसर चुकत असेल असा संशय घेणें सोपें होतें. पण त्यांनीं प्रथम आपलें लिखाण तपासलें, मग यंत्रांतील इतर भाग, मग निरनिराळीं यंत्रें, आणि सुमारें चार महिने एकेक कारण वगळीत जाऊन ऑक्टोबरांत ते प्रोसेसरावर येऊन ठेपले. कांहीं ठराविक संख्यांच्या भागाकारांत तो प्रोसेसर खरोखरच चुकत होता. इंटेल कंपनीस पुढें ते प्रोसेसर बदलून देण्याचें कबूल करावें लागलें व त्यापायीं ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूस काढावे लागले. आरोप मोठा होता, म्हणूनच त्या गृहस्थांनीं तो शेवटीं केला.

आतां पहिलें दुखणें घेऊं. जड काम, ठराविक अवधि, आणि मग विझणें. ह्यावरून उष्णतेचा संशय येतो. हिशेब करितांना प्रोसेसर तापतो. त्याच्या डोक्यावर धातूचा कूलर असतो, तो ती उष्णता ओढून घेतो व पंखा ती बाहेर फेंकतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली म्हणजे प्रोसेसर आधीं हळू चालतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर जळूं नये म्हणून स्वतःच यंत्र बंद करितो. तेव्हां हें विझणें म्हणजे बिघाड नव्हे, बिघाडापासून केलेलें रक्षण होय! यंत्र सुरू होतांना बायोस नांवाचें जें पान उघडतां येतें, त्यावर उष्णतेचा आंकडा असतो. यंत्र कांहीं काम न करितां उघडें ठेविलें असतां पांच मिनिटांत तो आंकडा ८४ अंशांवर गेला. अनुमानास प्रत्यक्षाची जोड मिळाली.

प्लग काढला, कूलर उतरविला, आणि त्याच्या बुडाशीं पाहिलें. तेथें पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा जसाच्या तसा चिकटलेला होता. तो कूलर बसविण्यापूर्वीं सोलून टाकावयाचा असतो. कांचेसारखा असल्यानें डोळ्यांस दिसत नाहीं, पण उष्णतेच्या वाटेंत भिंतीसारखा उभा राहतो. मुलानें कपाळावर हात मारिला. "माझीच चूक. बाबा म्हणाले तेंच खरें," तो म्हणाला.

आम्हीं पुस्तिका पुन्हां काढली. आठव्या पानावर, चौकटींत, मोठ्या अक्षरांत तो इशारा छापलेला होता. जुळवणीच्या दिवशीं पुस्तिका वाचणारे आम्ही. सातवें पान संपल्यावर आमच्या बोटाखालीं दोन पानें एकदम उलटलीं, आणि आम्हीं नवव्या पानापासून पुढें वाचलें. छत्तीस वर्षें आम्हीं मुलांस सांगत आलों कीं, ओळ गाळूं नका. आणि घरच्या मुलापुढें सबंध पानच गाळलें. रात्रीं जेवतांना आम्हीं हें सर्वांपुढें सांगितलें. चिरंजीव कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अण्णा, तुमच्याकडून सुद्धां?" आणि हंसूं लागले. त्या हंसण्यानें घरांतील तीन दिवसांचें मळभ गेलें. मुलगा त्या रात्रीं पोटभर जेवला.

पापुद्रा सोलला, जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलानें पुसला, वाटाण्याच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट मधोमध ठेवून कूलर तिरप्या क्रमानें स्क्रू आंवळीत बसविला. आंकडा ८४ वरून ४१ वर आला. जड काम दोन तास चाललें. यंत्र विझलें नाहीं. एक रोग गेला.

निळा पडदा मात्र येतच होता. येथें एक सावधगिरीची गोष्ट. निळा पडदा म्हणजे यंत्राचा भाग नादुरुस्त, असें समीकरण करूं नये. १९ जुलै १९२४ नव्हे, १९ जुलै २०२४ रोजीं (आमची लेखणी जुन्या शतकाकडे अजून वळते!) क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळें जगांतील सुमारें ८५ लाख संगणकांवर एकदमच निळा पडदा आला, आणि आपल्या देशांतही विमानाच्या उतारूंस हातानें लिहिलेले पास घ्यावे लागले. त्या ८५ लाख यंत्रांचे भाग धडधाकट होते. तेव्हां नवी आज्ञावली घातल्यापासून निळा पडदा येऊं लागला असेल, तर ती काढून पाहणें पहिलें काम. आमच्या यंत्रांत तसें कांहीं नव्हतें, आणि संदेश दर वेळीं बदलत होता. एकदां 'मेमरी मॅनेजमेंट', एकदां 'पेज फॉल्ट', एकदां तिसरेंच. बोलणारा दर वेळीं निराळी तक्रार सांगूं लागला म्हणजे त्याच्या स्मृतीवर संशय घ्यावा. तोच न्याय येथेंही लागतो. पाटीवरील एखादें अक्षर आपोआप बदलत असेल, तर जें काम तें अक्षर वाचील तें चुकेल, आणि दर वेळीं तें काम निराळें असेल.

पाटीवर अक्षरें किती असतात ह्याचा हिशेब वाचकांनीं एकदां करून पाहावा. आठ जीबीच्या एका पट्टींत शून्य किंवा एक लिहिण्याचीं घरें ६,८७१ कोटींहून अधिक आहेत. त्यांतील एक घर चुकलें तर काय होतें? बेल्जम देशांत स्कारबेक येथें १८ मे २००३ रोजीं झालेल्या निवडणुकींत एका उमेदवारास शक्य नाहींत इतकीं मतें पडल्याचें दिसलें. मोजून पाहतां बरोबर ४,०९६ मतें जास्त निघालीं. दोनाचा बारावा घात ४,०९६ होतो. तेथील संगणकाच्या स्मृतींत शून्याच्या जागीं एक उमटला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला.

रॅमची परीक्षा घेण्यासाठीं मेमटेस्ट नांवाची आज्ञावली पेन ड्राइव्हवर घालून यंत्र त्यावरून सुरू करितात. ती प्रत्येक घरांत लिहिते, परत वाचते, आणि लिहिलेलें व वाचलेलें जुळलें नाहीं तर तांबडी ओळ दाखविते. एकही तांबडी ओळ क्षम्य नाहीं. येथें पस्तीस टक्क्यांस उत्तीर्ण करण्याची सोय नाहीं. मात्र परीक्षेपूर्वीं एक न्याय करावा लागतो. विकतांना रॅमवर जो वेग लिहिलेला असतो, तो पुष्कळदां एक्सएमपी नांवाची वाढीव सोय सुरू केल्यावरचा असतो. ती सोय बंद करून मूळ वेगावर परीक्षा घ्यावी, नाहींतर धांवतांना अडखळलेल्यास लंगडा ठरविल्यासारखें होतें. आम्हीं ती बंद केली. तरीही पहिल्याच फेरींत तांबड्या ओळी दिसल्या.

आतां दोष पट्टीचा कीं पट्टी बसते त्या खांचेचा? येथें आम्हांस आमचा तर्कसंग्रह कामास आला. पाठशाळेंत अन्नंभट्टाच्या ह्या लहानशा ग्रंथावर आमचें पहिलें वर्ष गेलें होतें. जेथें धूर तेथें विस्तव, आणि जेथें विस्तव नाहीं तेथें धूर नाहीं. पहिला अन्वय, दुसरा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे संबंध पक्का. दोन पट्ट्यांस आम्हीं खडूनें नव्हे, कागदाच्या चिठ्ठीनें 'राम' व 'लक्ष्मण' अशीं नांवें दिलीं. राम एकटा पहिल्या खांचेंत: शुद्ध. लक्ष्मण एकटा त्याच खांचेंत: अशुद्ध. मग खांच बदलली. राम दुसऱ्या खांचेंत: शुद्ध. लक्ष्मण दुसऱ्या खांचेंत: अशुद्ध. जेथें लक्ष्मण तेथें चूक. जेथें लक्ष्मण नाहीं तेथें चूक नाहीं. खांचा निर्दोष, मदरबोर्ड निर्दोष, राम निर्दोष. दोन रात्री व एक दिवस ह्यांत गेला, पण निर्णय असा झाला कीं, त्यावर अपील राहिलें नाहीं. एकट्या रामावर यंत्र चालवून मुलानें आराखडा पुरा केला व वेळेवर दिला.

राहिला प्रश्न दुकानदाराचा. पट्टी खरोखर सदोष होती. पण मुलानें आरोप केला होता तो एस्‌एम्‌पीएस्‌वर आणि दुकानदाराच्या सचोटीवर, व ते दोन्ही आरोप खोटे ठरले होते. मुलगा म्हणाला, "आजोबा, पट्टी त्यांचीच खराब निघाली ना? मग माफी कसली?" आम्हीं म्हटलें, "तूं ज्यासाठीं बोललास त्यासाठीं माफी माग, आणि ज्यासाठीं हक्क आहे त्यासाठीं पट्टी बदलून माग. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या खात्यावर वजा होत नाहीं." आम्ही त्याच्याबरोबर गेलों. भर पावसांत दादरच्या पुलावर त्यानें विचारलें, "तुम्ही बोलाल का माझ्याबद्दल?" आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें.

मुलानें काउंटरापाशीं उभें राहून सारें सांगितलें. पापुद्र्याचेंही सांगितलें, तें सांगण्याचें कारण नव्हतें तरी. दुकानदारानें वही मागितली. अकरा नोंदी व चार परीक्षा त्यानें वाचल्या, लक्ष्मण आपल्या यंत्रांत घालून तपासला, आणि हमींत पट्टी बदलून देण्याची चिठ्ठी फाडली. "शिव्या देणारे रोज येतात. वही घेऊन कोणी येत नाहीं," तो म्हणाला. एवढें बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बारा दिवसांनीं नवी पट्टी आली, तिचीही एक रात्र परीक्षा झाली, आणि तेव्हांपासून यंत्र एकदांही पडलें नाहीं.

ही शोधाची रीत कांहीं आजची नव्हे. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं चालूं झाला, तेव्हां त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. एक नळी गेली कीं ती शोधून काढणें हें तेथील लोकांचें नेहमींचें काम असलें पाहिजे. त्याच्याही आधीं, ९ सप्टेंबर १९४७ रोजीं, हार्वर्डच्या मार्क २ यंत्रांत एका रिलेमध्यें अडकलेला पतंग सांपडला. तेथील लोकांनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेविला. ती वही अमेरिकेंतील स्मिथसोनियनच्या संग्रहालयांत अद्याप आहे. यंत्राच्या दोषास 'बग' म्हणण्याचा प्रघात त्याहून जुना, एडिसनच्या काळापासूनचा. पण तेथें तो किडा प्रत्यक्ष हातीं आला. आम्हांस त्यांत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, त्यांच्याजवळही वही होती.

शेवटीं ज्या घरांत असें यंत्र आहे वा येणार आहे, त्यांच्यासाठीं थोडें व्यवहाराचें. पेटी उघडण्यापूर्वीं प्लग काढावा, मग सुरू करण्याचें बटण कांहीं सेकंद दाबून धरावें, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. भागांस हात लावण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. लोंकरीचे वा नायलॉनचे कपडे त्या वेळीं अंगावर नसावेत, कारण घर्षणानें अंगावर सांठलेली वीज डोळ्यांस न दिसतां भाग मारते. एस्‌एम्‌पीएस्‌ची डबी मात्र कोणींही, कितीही धीट असला तरी, उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्या आंत प्राणघातक वीज सांठून राहूं शकते. तिचा संशय असेल तर दुसरी चांगली लावून पाहावी, हीच तिची परीक्षा. घरच्या प्लगास खरें अर्थिंग आहे कीं नाहीं हें वायरमनाकडून एकदां तपासून घ्यावें. आमच्यासारखे जे उल्हास नदीच्या परिसरांत राहतात, त्यांनीं यंत्र जमिनीवर ठेवूं नये. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनीं पाहिला त्यांस ह्याचें कारण सांगावयास नको. आणि खरेदीचीं बिलें व खोकीं हमी संपेतों टाकूं नयेत. अडगळ होते म्हणून सौभाग्यवतींनीं तीं खोकीं दोनदां बाहेर काढिलीं होतीं, आणि दोन्ही वेळां नातवानें परत माळ्यावर ठेविलीं, म्हणून लक्ष्मणाची हमी शाबूत राहिली.

ती वही आतां यंत्राच्या शेजारींच असते. पहिल्या पानावर नातवानें तारीख घालून लिहून ठेविलें आहे: 'पान आठ वाचणें.' तें आमच्यासाठीं कीं स्वतःसाठीं, हें आम्हीं त्यास विचारिलें नाहीं.

असो. पुढील खेपेस श्रावण उलटलेला असेल. तेव्हां घरच्या घरीं चष्म्याचा नंबर वाढल्याचें कसें ओळखावें ह्याविषयीं लिहावें असें मनांत आहे. तो विषय आम्हांस कां सुचला, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.